निरगुडीची वाफ, कापराची पुरचुंडी आणि अरोमाथेरपी : यात संशोधनाचा प्रश्न कुठे आहे?

पेटची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून विषयाबद्दल जे मेसेज येतात, त्यात एक शीर्षक थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतं : 'शहापूर व मुरबाड तालुक्यातील आदिवासींच्या सुगंधी वनस्पती आणि अरोमाथेरपी : एक अभ्यास'. विषय चांगला आहे. घराजवळचा आहे, एसटीने फिरून करता येण्यासारखा आहे, आणि या दोन तालुक्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली वस्त्यांमध्ये झाडापाल्याची माहिती अजून जिवंत आहे. अडचण एवढीच की या एका शीर्षकात तीन विषय एकमेकांच्या अंगावर बसलेत. लोक काय करतात, हा पहिला. पानात किंवा बाटलीत नेमकं काय आहे, हा दुसरा. त्याने शरीरात काय होतं, हा तिसरा. मुलाखतीत पॅनेलने "तुमचा प्रश्न काय?" असं विचारलं की बहुतेक जण पहिल्याबद्दल बोलायला लागतात आणि तिसऱ्याचा निष्कर्ष सांगून मोकळे होतात. मधल्याचं नावच नाही. आज हेच जरा सोडवून बघू.

आधी शब्दाचं बघू

'इसेन्शियल ऑइल'चं मराठी तुम्ही नेटवर शोधलंत तर 'आवश्यक तेल' असं हमखास सापडेल. कृपा करून सिनॉप्सिसमध्ये ते लिहू नका. इथला 'इसेन्शियल' हा 'इसेन्स'वरून आलाय. इसेन्स म्हणजे अर्क, सत्त्व. जरुरीचं, आवश्यक असा त्याचा अर्थच नाही. मराठीत 'बाष्पनशील तेल' हा शास्त्रीय शब्द आहे, आणि बोलताना 'सुगंधी तेल' म्हटलं तरी चालतं.

बाष्पनशील म्हणजे उडून जाणारं. घरी करून बघा : कागदावर एका बाजूला खोबरेल तेलाचा थेंब टाका, दुसऱ्या बाजूला निलगिरी तेलाचा. तासाभराने खोबरेलचा तेलकट डाग तसाच असेल, निलगिरीचा जवळजवळ गेलेला असेल. खोबरेल, तीळ, करंज, मोह यांची तेलं म्हणजे स्निग्धाम्लांचे जड रेणू, ते घाणीतून पिळून निघतात. सुगंधी तेल म्हणजे टर्पीन आणि तत्सम छोट्या, हलक्या रेणूंचं मिश्रण. ते वाफेबरोबर उडतं, थंड नळीत पुन्हा द्रव होतं आणि पाण्यावर तरंगतं. ते अगदी थोडं निघतं. गवती चहाच्या शंभर किलो ओल्या पातीतून अर्धा किलोच्या आसपास, बरेचदा त्याहून कमी. गुलाबाचं तर विचारूच नका, एका किलोला साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या.

आता आयुर्वेदातलं 'निर्गुंडी तेल' घ्या. ते यांपैकी काय? तिळाच्या तेलात निरगुडीचा रस किंवा काढा घालून मंद आचेवर पाणी उडेपर्यंत शिजवलेलं ते तेल असतं. म्हणजे आधार तिळाच्या तेलाचा, आणि त्यात निरगुडीतलं जे तेलात उतरतं ते. उकळताना सुगंधी भागातला बराचसा तर हवेत जातो! तरीही कित्येक लेखांत आणि प्रबंधांतसुद्धा निर्गुंडी तेलाला 'इसेन्शियल ऑइल' म्हटलेलं दिसतं. मराठीत दोन्हींना 'तेल'च म्हणतात, त्यामुळे हा घोटाळा आपल्याकडे जास्त होतो.

'पाच हजार वर्षांपूर्वीची अरोमाथेरपी'

लिटरेचर रिव्ह्यूच्या पहिल्या पानावर हमखास येणारं दुसरं वाक्य हे. सुगंधाचा वापर जुना आहे यात वादच नाही. धूप, उटणं, चंदन, नस्य, धूपन हे सगळं आपल्या ग्रंथांत आहे; इजिप्तमध्ये राळ आणि गंधरस होते. कन्नौजला आजही देग-भपक्यावर अत्तर काढतात : तांब्याची देग, बांबूची नळी, आणि भपक्यात अत्तर धरून ठेवायला चंदनाचं तेल. ऊर्ध्वपातनाच्या इतिहासात इब्न सीनाचं नाव घेतात. पण 'अरोमाथेरपी' हा शब्द आणि त्यामागची कल्पना (झाडातून वेगळं काढलेलं सुगंधी तेल हेच औषध, आणि त्याची स्वतंत्र उपचारपद्धती) शंभर वर्षांचीसुद्धा नाही.

तो शब्द रूढ केला फ्रान्समधल्या लिऑनच्या एका अत्तर-रसायनतज्ज्ञाने, रने-मॉरिस गातफॉसेने. १९३७ साली त्याचं 'अरोमातेरापी' नावाचं पुस्तक निघालं. त्याची गोष्ट तुम्ही वाचली असेल : प्रयोगशाळेत हात भाजला, घाईत शेजारच्या लॅव्हेंडरच्या भांड्यात बुडवला, आणि चमत्कार झाला. खुद्द गातफॉसेने लिहिलेलं याहून बरंच वेगळं आहे. १९१० मध्ये स्फोटात त्याचे हात भाजले, पुढे जखमांमध्ये गॅस गँगरीन सुरू झालं, आणि मग त्याने लॅव्हेंडरचा अर्क मुद्दाम लावून बघितला. यात अपघाताने भांड्यात हात जाणं कुठेच नाही. एक प्रशिक्षित माणूस जंतुसंसर्गावर जाणूनबुजून एक द्रव्य वापरून बघतोय. आणि पुरावा म्हणून ते काय आहे? एका रुग्णाची नोंद. रुग्ण तोच, उपचार करणारा तोच, आणि सुगंधी तेलांचा व्यवसायही घरचाच. खोटं म्हणायचं कारण नाही, पण त्यावर इमारत बांधता येत नाही.

पुढे झाँ व्हाल्ने या फ्रेंच लष्करी डॉक्टरने १९६४ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलं. मार्गरीत मॉरीने मालिश आणि सौंदर्य यांच्याशी तेलांची सांगड घातली. १९७७ मध्ये रॉबर्ट टिसरँडच्या इंग्रजी पुस्तकाने हे सगळं घराघरांत नेलं. आज मॉलमध्ये दिसणारी छोटी तपकिरी बाटली आणि डिफ्यूझर या परंपरेतून आलेत. कातकरवाडीतल्या शेगडीवरची धुरी या परंपरेतून आलेली नाही. दोन्हींना एकच नाव दिलं की धुरीचा अभ्यास होत नाही आणि बाटलीचाही होत नाही.

शहापूर-मुरबाडमध्ये काय आहे?

आसनगाव किंवा खर्डीला उतरून आत गेलात, किंवा मुरबाडहून धसई, टोकावड्याकडे, तर ओढ्याकाठी आणि शेताच्या कुंपणाला निरगुडी दिसेलच. कुठे तिला निगुड म्हणतात. जांभळट फुलांचे तुरे, हाताच्या बोटांसारखी तीन-पाच पानं, चुरगळली की उग्र वास. गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला बरी.

तिचे उपयोग विचारले की लोक एका दमात सांगतात : अंग दुखतंय तर पाला पाण्यात उकळून त्या पाण्याने आंघोळ. सर्दीला वाफ. गुडघ्यावर पाला गरम करून बांधायचा. कणगीत धान्याला कीड लागू नये म्हणून सुकवलेला पाला. डासांना धुरी. बहुतेक वहीत हे पाच मुद्दे 'उपयोग' या एका रकान्यात जातात. मला वाटतं खरं काम इथेच सुटतं, कारण हे पाच उपयोग म्हणजे रसायनांच्या दृष्टीने पाच वेगळ्या वस्तू आहेत.

वाफेतून फक्त उडणारे रेणू येतात, म्हणजे सॅबिनिन, कॅरिओफायलिन वगैरे, आणि ताज्या निरगुडीत तेलाचं प्रमाण मुळातच फार कमी. आंघोळीच्या काढ्यात पाण्यात विरघळणारे घटक उतरतात. निरगुडीच्या पानात ॲग्न्युसाइड आणि नेगुंडोसाइड नावाचे इरिडॉइड ग्लायकोसाइड आहेत, ते उडत नाहीत. वाफ घेणाऱ्याच्या नाकापर्यंत ते पोचणारच नाहीत. गरम पाला बांधला तर त्यात उष्णतेचा स्वतःचा परिणाम किती, हा वेगळाच प्रश्न. धुरीत तर पानं जळतात. मूळ रेणू तुटतात, नवे बनतात, आणि बारीक धूलिकण मिळतात ते वर. कणगीतल्या सुक्या पानाचा परिणाम किड्यावर मोजायचा, माणसावर नाही.

म्हणून प्रश्नावलीत 'ही वनस्पती कशासाठी वापरता?' एवढंच विचारून थांबू नका. ओला पाला की सुका? किती? उकळतं पाणी की कोमट? डोक्यावर चादर घेता का? किती वेळ? किती दिवस? आणि त्याने बरं वाटलं नाही तर पुढे काय करता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अनेकदा सगळ्यात मोलाचं असतं. एखादी आजी "तीन दिवस बघायचं, नाही तर दवाखाना" असं सांगते, तेव्हा ती तुम्हाला उपायाबरोबर त्याची मर्यादाही सांगत असते. ती वहीत उतरत नाही, आणि मग प्रबंधात फक्त उपाय उरतो.

आणखी एक. या दोन तालुक्यांतल्या घरगुती वापरात ऊर्ध्वपातन जवळजवळ नाहीच. वाफ आहे, धूर आहे, लेप आहे, काढा आहे. तेल काढणं नाही. महाराष्ट्रात ते जिथे खरोखर होतं, तिथे जरा जाऊन येऊ, कारण तिथून एक धडा मिळतो.

खानदेशातला रोशा

रोशा गवत, शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनी, गवती चहाचं भावंड. एकोणिसाव्या शतकात नंदुरबार, शहादा, तळोदा या भागात त्याचं तेल मोठ्या प्रमाणावर काढत. माळावर चुलाण, त्यावर कढई, आणि शेजारी ओढ्याचं पाणी थंड करायला. हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने कॉन्स्टँटिनोपलला जाई, आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून वापरलं जाई. विलियम डायमॉक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'फार्माकोग्राफिया इंडिका'त (१८८९ ते १८९३) या व्यापाराबद्दल लिहिलंय. डायमॉक मुंबईत सरकारी औषधभांडाराचा प्रमुख होता. पश्चिम भारतातल्या औषधी वनस्पतींवर काम करणाऱ्याने हा ग्रंथ उघडलाच पाहिजे. तो काळा-पांढरा सगळा गिळू नका, पण उघडा.

भेसळ चालायची कारण रोशाच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर, बरेचदा तीन-चतुर्थांशाहून जास्त, आणि गुलाबाच्या वासातही जिरॅनिऑल महत्त्वाचा. पण गंमत पुढे आहे. रोशाचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला इतके सारखे की नवख्याला ओळखता येत नाहीत. मोतियाचं तेल गुलाबाकडे झुकणारं, महाग. सोफियाचं आल्याच्या वासाकडे जाणारं, स्वस्त, आणि त्यात जिरॅनिऑल कमी. जात एक, तेलं दोन. गवत कापणाऱ्यांना हे शंभर वर्षांपूर्वी माहीत होतं, त्यावर भाव ठरत होता. आणि आज आपण प्रबंधात 'अमुक वनस्पतीचं तेल अमुक जंतूवर परिणामकारक' असं लिहितो, तेव्हा झाड कुठलं, कुठल्या महिन्यात तोडलं, फुलोऱ्यात होतं का, तेलाचं जीसी-एमएस केलं का, याचा पत्ता नसतो. मग दुसऱ्या कुणी तोच प्रयोग केला आणि उत्तर वेगळं आलं, तर दोघांपैकी चूक कोणाची हे कळायला मार्गच राहत नाही.

निरगुडीचंही तसंच. वेगवेगळ्या भागांतून आलेल्या तेलांच्या विश्लेषणांत मुख्य घटक वेगवेगळे दिसतात. 'शहापूरच्या निरगुडीचं तेल पावसाळ्यात आणि मार्च महिन्यात किती वेगळं असतं?' एवढा लहान प्रश्नसुद्धा एमएस्सीच्या प्रोजेक्टला भरपूर आहे. बहुतेक कॉलेजांच्या प्रयोगशाळेत क्लेव्हेंजरचं काचेचं उपकरण असतंच, धूळ खात का असेना.

पुरचुंडी

आता तिसरा भाग, 'त्याने काय होतं?' इथे मी एकच उदाहरण खोलात घेते, कारण ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट, बेड नाहीत, ऑक्सिजन नाही. व्हॉट्सॲपवर मेसेज फिरत होता : कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरी तेलाचे थेंब यांची पुरचुंडी करून हुंगत राहा, रक्तातला ऑक्सिजन वाढतो. लडाखला जाणाऱ्या पर्यटकांना हीच देतात, असंही त्यात जोडलेलं. तपासणी करणाऱ्यांनी तेव्हाच सांगितलं की याला आधार नाही. तरी पुरचुंड्या झाल्याच, कारण हुंगल्यावर खरंच मोकळं वाटतं. माणूस खोटं बोलत नव्हता.

मग काय होत होतं? याचं उत्तर करोनाच्या किती तरी आधीपासून होतं. १९८३ मध्ये बरो, एकल्स आणि जोन्स या संशोधकांनी निरोगी लोकांना कापूर, निलगिरी आणि मेंथॉल यांची वाफ हुंगायला दिली. दोन गोष्टी स्वतंत्र मोजल्या : नाकातून हवा जायला होणारा प्रत्यक्ष अडथळा, यंत्राने, आणि नाक किती मोकळं वाटतं, माणसाला विचारून. बहुतेकांना नाक मोकळं, थंड वाटलं. अडथळा मात्र होता तेवढाच राहिला.

कारण पुढे वीस वर्षांनी उलगडलं. नाकाच्या त्वचेखालच्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारा एक ग्राही असतो, टीआरपीएम-८. तो थंड हवेने जसा चालू होतो तसाच मेंथॉलनेही होतो, आणि निलगिरीतल्या सिनिओलनेही. मेंदूला निरोप जातो : थंड हवा आत येतेय. हवा तेवढीच असते! २००२ मध्ये डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पटापुटियन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे हा ग्राही शोधला, आणि उष्णता-स्पर्शाच्या ग्राहींवरच्या कामासाठी दोघांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुरचुंडी ज्या वर्षी गाजली त्याच वर्षी.

सर्दीत हे वाटणं काही वाईट नाही. रात्री झोप लागते, तेवढं पुरे. पण करोनात ऑक्सिजन घटूनही दम न लागणारे रुग्ण होते, वर्तमानपत्रांनी त्याला 'हॅपी हायपॉक्सिया' म्हटलं होतं. कसाऱ्याच्या किंवा माळशेजच्या कुशीतल्या पाड्यावर ऑक्सिमीटर नाही, ग्रामीण रुग्णालयात जायला गाडी नाही, आणि 'मोकळं वाटतंय' हाच एक मापदंड. तिथे वाटणं आणि असणं यातला फरक म्हणजे रुग्णाला कधी हलवायचं याचा निर्णय. म्हणून मला '८० टक्के उत्तरदात्यांनी गुण आल्याचे सांगितले' असली वाक्यं वाचली की अस्वस्थ व्हायला होतं. गुण म्हणजे काय मोजलंत?

संशोधन-आराखड्याच्या भाषेत सांगायचं तर : परिणाम दोन प्रकारचे असतात, सांगितलेले आणि मोजलेले. दोन्ही खरे असतात. दोन्ही घ्यायचे, पण वेगळ्या रकान्यात.

वासाची चाचणी अवघड का?

गोळीची चाचणी करताना दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी खोटी गोळी देतात. वासाचं काय करणार? लॅव्हेंडरचा वास ज्याला आला त्याला कळतंच. ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांच्या गटाने २००८ मध्ये यावर चांगला तोडगा काढला. ५६ निरोगी स्वयंसेवकांना लिंबू, लॅव्हेंडर आणि साधं पाणी यांचे वास वेगवेगळ्या दिवशी दिले. काही जणांना आधी सांगितलं की काय हुंगणार आहात आणि काय वाटेल. काहींना काहीच सांगितलं नाही. म्हणजे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढता आला. निकाल? लिंबाने मन प्रसन्न होतं, अपेक्षा असो वा नसो. लॅव्हेंडरचा तसा ठोस परिणाम दिसला नाही. आणि जखम भरणं, वेदना, रोगप्रतिकारशक्तीचे मापदंड यांवर दोन्हींनी काही फरक पडला नाही.

बाकीचा पुरावा थोडक्यात. स्मृतिभ्रंशासाठी अरोमाथेरपीचा कॉक्रेनचा आढावा (२०२०) ठाम निष्कर्षापर्यंत येत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवरच्या २०१८ च्या आढाव्यात थोडा उपयोग दिसतो, पण पुरावा कच्चा. टी ट्री तेलाचं ५ टक्के जेल मुरमांवर उशिरा पण काम करतं, अशी ऑस्ट्रेलियातली १९९० ची चाचणी आहे. चिंतेवर लॅव्हेंडर तेलाच्या चाचण्या बऱ्या आहेत, पण त्या तोंडाने घ्यायच्या कॅप्सूलच्या आहेत! त्या कॅप्सूलचा निकाल दाखवून डिफ्यूझर विकणं सर्रास चालतं. पेपर वाचताना मार्ग आधी बघा : हुंगलं, चोळलं, की गिळलं.

बाळंतिणीची खोली

हा भाग कमी लिहिला जातो, म्हणून मुद्दाम. आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी आणि धुरी देतात : ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, लसणाची सालं, धूप. बाळालाही धुरी दाखवतात. यातल्या ओव्यात थायमॉल आहे, तो जंतुनाशक आहे, हे खरं. पण निखाऱ्यावर टाकल्यावर बंद खोलीत थायमॉल किती आणि धूर किती? नवजात बाळाच्या फुप्फुसांच्या दृष्टीने धूर म्हणजे धूरच. त्याचा वास चांगला आहे म्हणून कण मोठे होत नाहीत. हवेतले बारीक कण मोजणारी छोटी यंत्रं आता मिळतात. धुरीआधी, धुरीच्या वेळी आणि नंतर तासाभराने खोलीतले आकडे घेतले तरी त्यावर बोलायला काहीतरी हातात येईल.

कापराचं तर स्पष्टच सांगते. कापूर लहान मुलाने खाल्ला तर आकडी येऊ शकते, आणि एखाद्या ग्रॅमइतका कापूर लहानग्याच्या जिवावर बेतल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८३ मध्ये चोळायच्या औषधांतला कापूर ११ टक्क्यांवर मर्यादित केला. निलगिरी तेल पोटात गेल्यावरही आकड्या आल्याच्या नोंदी आहेत, भारतातल्या रुग्णालयांतूनही. देवघरातली वडी आणि कपाटातली बाटली, दोन्ही मुलांच्या हाताला लागतील अशीच ठेवलेली असतात. तुमच्या प्रश्नावलीत अपायाचा एक तरी प्रश्न हवा : 'याने कधी कुणाला त्रास झाला का?' आणि मुलाखतीच्या वेळी कुणी तान्ह्या बाळाच्या नाकाला कापूर चोळताना दिसलं, तर 'मी फक्त निरीक्षक' म्हणून गप्प बसायचं नाही. आशाताईला किंवा उपकेंद्रात सांगायचं. नैतिकता समितीच्या अर्जात हे आधीच लिहून ठेवलेलं बरं.

माहिती कोणाची?

शहापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडचा काही भाग. म्हणजे पेसा कायदा लागू, ग्रामसभेचा अधिकार मोठा. गाईडचं पत्र घेऊन थेट पाड्यावर जाणं हे कायद्याच्या आणि रीतीच्या, दोन्ही बाजूंनी कमी पडतं. आधी ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे का, लोक जैवविविधता नोंदवही झालीय का, ते विचारा. झाली असेल तर ती वाचूनच पुढे जा.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. जैवविविधता कायद्यात (२००२) २०२३ साली दुरुस्ती झाली, आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाला लाभ-वाटपातून सूट मिळाली. निरगुडी आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहे. पण ठाकूरवाडीतली एखादी बाई निरगुडीबरोबर जे दुसरं मूळ घालते, ते कुठल्याच ग्रंथात नसतं. ते तोंडी आहे. तुम्ही ते कोणाचं, कुठलं हे न नोंदवता 'निरगुडीचे पारंपरिक उपयोग' या मोघम नावाखाली छापलंत, तर उद्या कुणी कंपनी ते उचलेल आणि वाटा मागायला त्या वाडीकडे कागदच नसेल. हळदीच्या जखमेवरच्या वापराचं अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं ते छापील पुरावा दाखवता आला म्हणून. तोंडी ज्ञानाला तो आधार नाही, म्हणून तुमच्या नोंदीवर जबाबदारी जास्त. नाव छापायचं की नाही हे सांगणाऱ्याला विचारा. वाडीचं, समाजाचं श्रेय मात्र हवंच.

बाजार येतो तेव्हा काय होतं याचं जवळचं उदाहरणही शहापुरातच आहे. इथल्या कातकरी तरुणांच्या वनधन केंद्राने गुळवेलीत चांगला जम बसवला, मोठ्या औषध कंपन्यांपर्यंत माल गेला. गुळवेल कडू आहे, तिला सुगंधी तेलाच्या बाजारात जागा नाही, आणि तरीही कमाई तिच्यातच झाली. सुगंधी तेलाचं गणित वेगळं असतं : भांडं, सरपण, पाणी, आणि शंभर किलोला काही शे ग्रॅम. सीएसआयआरच्या अरोमा मिशनमधून गवती चहा, रोशा, वाळा यांच्या लागवडीला मदत मिळते, पण शहापूर-मुरबाडच्या पाड्यावर ते परवडेल का? लाकूड तोडून तेल काढणं जंगलाला परवडेल का? वाणिज्य किंवा अर्थशास्त्राच्या मुलांनो, हा विषय तुमचाही आहे.

मग शीर्षक काय ठेवायचं?

वनस्पतिशास्त्र असेल तर : 'शहापूर तालुक्यातील निरगुडीच्या बाष्पनशील तेलातील ऋतुनिहाय फरक'. मानवशास्त्र किंवा समाजकार्य असेल तर : 'मुरबाडमधील ठाकूर वस्त्यांत घरगुती उपाय थांबवून दवाखान्यात जाण्याचा निर्णय कोण व कधी घेतो'. सार्वजनिक आरोग्य असेल तर : 'बाळंतिणीच्या खोलीतील धुरी आणि हवेतील सूक्ष्म कण'. कशातही 'अरोमाथेरपी' शब्द नाही, बघा. तो घालायचाच असेल तर ठाणे-कल्याणच्या स्पा सेंटरांचा अभ्यास करा. तोही चांगला विषय आहे, आणि फारसा कुणी करत नाही.

जाताना झाडाचा नमुना मात्र नीट घ्या. फुलासकट फांदी, वर्तमानपत्रात दाबलेली, सोबत जागा, तारीख, सांगणाऱ्याने दिलेलं स्थानिक नाव. मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्याला आघारकर संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम मंडळ. तिथून ओळख पटवून नमुना क्रमांक घ्या आणि तो प्रबंधात लिहा. त्याआधी फोन करून वेळ आणि फी विचारून घ्या, आणि नमुना पूर्ण वाळल्याशिवाय नेऊ नका. बुरशी आलेली फांदी कुणी घेत नाही.